नायकाचे मरण आणि वाचकांचे गाऱ्हाणे



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला आमंत्रण दिले तेव्हा मी बोनस, कामगार कायदा किंवा कंत्राटी कामगारांचा प्रश्न यांपैकी एखाद्या विषयावर बोलेन अशी त्यांची समजूत असणार. ती स्वाभाविकच आहे. परंतु त्या विषयांवर मी वर्षाचे बारा महिने कारखान्याच्या फाटकापाशी उभा राहून बोलतच असतो. वसंत ऋतूत संध्याकाळच्या गार वाऱ्यात, शिकल्यासवरल्या मंडळींसमोर बोलण्याची संधी मिळाली आहे, तर आज थोडे निराळे बोलावे असे मनात आले. म्हणून मी चित्रकथांचा विषय घेतला आहे. हप्त्याहप्त्याने चालणाऱ्या कथेत नायक मरतो, किंवा नायकाचे प्रिय माणूस मरते, तेव्हा वाचक काय करतात आणि काय बोलतात, हा माझा आजचा विषय.

काही मंडळींच्या चेहऱ्यावर हसू दिसते आहे. पन्नाशी उलटलेल्या युनियनवाल्याला हे पोरकट वेड कोठून लागले, असे त्यांना वाटत असेल. त्यांना माझे उत्तर असे की, माझा सारा जन्म माणसांची गाऱ्हाणी ऐकण्यात गेला आहे. माणूस चिडून काहीतरी बोलतो. तो जे बोलतो तेच त्याला हवे असते असे नाही. कॅन्टीनचा चहा वाईट म्हणून भांडणाऱ्या माणसाचे खरे दुःख पुष्कळ वेळा असे असते की, त्याला कोणी विचारीत नाही. गाऱ्हाण्याच्या पोटातली मागणी ओळखणे हा माझा धंदा. कथेतल्या मरणावर वाचक चिडतात तेव्हा त्यांची मागणी काय असते, हे मी त्याच धंद्याच्या नजरेने पाहिले. मी साहित्याचा पंडित नव्हे. रात्रशाळा आणि सार्वजनिक वाचनालय एवढीच माझी विद्यापीठे. तेव्हा रसचर्चेची अपेक्षा माझ्याकडून ठेवू नये.

प्रथम दोन शब्द स्पष्ट करतो. सुपरहिरो म्हणजे अचाट बळाचा, बहुधा मुखवटा चढवून हिंडणारा चित्रकथेतला नायक. माझ्या वयाच्या मंडळींना मुखवट्यातल्या वीराची ओळख 'इंद्रजाल कॉमिक्स'मधल्या वेताळाने करून दिली. हे मासिक १९६४ साली मुंबईत सुरू झाले, आणि आम्ही पोरे त्याचे अंक एकमेकांकडून मागून, पाने सुटेपर्यंत वाचीत असू. दुसरा शब्द फॅन फिक्शन. एखाद्या कथेचा चाहता त्याच पात्रांना घेऊन आपली स्वतःची कथा लिहितो, ती इतर चाहत्यांना वाचावयास देतो, आणि त्याबद्दल छदामही घेत नाही. तिला आपण चाहत्यांची कथा म्हणू.

या दोन्हींचा प्राण एका शब्दात आहे. तो शब्द म्हणजे 'क्रमशः'. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी 'करमणूक' पत्रातून अशीच हप्त्याहप्त्याने लोकांच्या हाती पडली. पूर्ण पुस्तक हाती असले म्हणजे वाचक लेखकाच्या मागोमाग मुकाट्याने चालतो. पण दोन हप्त्यांच्या मध्ये आठवडा किंवा महिना जातो. तेवढ्या काळात कथा लेखकाच्या ताब्यात नसते. ती वाचकांच्या घरी राहावयास गेलेली असते. ते तिच्याविषयी बोलतात, तर्क करतात, पैजा लावतात. पुढच्या हप्त्यात लेखक येतो आणि त्या पाहुणीला ठार मारतो. घरची मंडळी चिडली तर नवल काय?

आता मुळापासून सुरुवात करू. अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात जेरी सीगल आणि जो शुस्टर नावाची दोन मुले होती. दोघेही १९१४ साली जन्मलेले, परदेशातून आलेल्या ज्यू कुटुंबांतले. सीगल हा विज्ञानकथांचा इतका वेडा वाचक की, त्याने स्वतःच टंकलेखन करून, हाताने प्रती काढून चाहत्यांचे एक लहानसे मासिक चालविले. जानेवारी १९३३ च्या अंकात त्याने सुपरमॅन नावाच्या माणसाची एक कथा टोपणनावाने छापली. त्या कथेतला सुपरमॅन दुष्ट होता. पुढे दोघांनी त्याचा नायक केला, आणि १९३८ साली तो 'अॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात अवतरला. म्हणजे जगातला हा सर्वांत प्रसिद्ध सुपरहिरो चाहत्यांच्या हस्तलिखितवजा मासिकातूनच वर आला आहे. वाचक आणि लेखक या दोन जाती मुळात वेगळ्या नव्हत्या, एवढे आपण ध्यानात ठेवू.

माझ्या व्यवसायामुळे मला त्याच वर्षाच्या तिसऱ्या अंकाचे विशेष प्रेम आहे. एका कोळशाच्या खाणीत छत कोसळते आणि एक खाणकामगार जन्माचा पंगू होतो. मालक बेफिकीर असतो. तेव्हा सुपरमॅन खाणकामगाराचा वेष घेतो, मालकाला आणि त्याच्या मेजवानीच्या पाहुण्यांना खाणीत नेऊन अडकवितो. धोक्याची घंटा वाजत नाही, सुरक्षेची साधने गंजलेली, हे मालकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. आणि बाहेर आल्यावर तो खाण सुरक्षित करण्याचे वचन देतो. आम्हाला या कामासाठी निरीक्षकाकडे अर्ज, स्मरणपत्रे आणि शेवटी संपाची नोटीस असा प्रवास करावा लागतो. पण पंचविशीच्या आतल्या दोन गरीब मुलांना अचाट बळाचा पहिला उपयोग हाच सुचावा, याचे मला कौतुक वाटते.

असे हे वीर दर महिन्याला जिंकत. वाचकाला एका गोष्टीची खात्री असे की, नायकाच्या माणसांना काही होणार नाही. ही खात्री १९७३ साली मोडली.

स्पायडरमॅन हा कोळ्याच्या जाळ्यावरून झोके घेणारा तरुण. त्याच्या प्रेयसीचे नाव ग्वेन स्टेसी. त्या वर्षीच्या १२१ व्या अंकात खलनायक तिला एका पुलाच्या उंच मनोऱ्यावरून खाली ढकलतो. नायक जाळे फेकतो, ते तिच्या पायाला अचूक चिकटते, आणि तो तिला वर ओढून घेतो. ती मेलेली असते. या अंकाचे शीर्षक पहिल्या पानावर छापलेच नव्हते; 'ग्वेन स्टेसी मेली ती रात्र' अशा अर्थाचे ते शीर्षक शेवटच्या पानावर आले. कथा लिहिणारा जेरी कॉनवे त्या वेळी जेमतेम वीस वर्षांचा होता.

वाचक खवळले. पत्रांचा वर्षाव झाला. कंपनीचे प्रमुख स्टॅन ली महाविद्यालयांतून व्याख्याने देत हिंडत, तेथे विद्यार्थी त्यांना उभे करून जाब विचारू लागले. परंतु या पत्रांत नुसता आक्रोश नव्हता. बारीक नजरेच्या वाचकांनी चित्रात एक गोष्ट पाहिली होती. जाळे पायाला लागते त्या चौकटीत मुलीच्या मानेपाशी काहीतरी तुटल्याचा आवाज दाखविणारा एक लहान शब्द लिहिलेला होता. मग ती पडून मेली, की नायकाने तिला अडविले म्हणून मेली? चार अंकांनंतर पत्रव्यवहाराच्या सदरात संपादकांनी कबुली दिली की, जाळ्याचा अचानक बसलेला हिसकाच तिला मारक ठरला; मात्र दुसरा कोणताही उपाय नायकापाशी नव्हता.

ही चर्चा तेथे थांबली नाही. मिनेसोटा विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक जेम्स काकालिओस यांनी सुपरहिरोंच्या पदार्थविज्ञानावर २००५ साली पुस्तक लिहिले, त्यात या मृत्यूचे गणित मांडले आणि हिसक्याने मान मोडणे शास्त्राला धरून आहे असा निर्वाळा दिला. मला हे पटवून घेण्यास गणित लागले नाही. बांधकामावर काम करणाऱ्या आमच्या माणसांना हे ठाऊक आहे. सुमारे तीनशे फूट खाली आलेल्या देहाचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास जातो. पण त्याहून पुष्कळ कमी उंचीवरून पडणाऱ्या माणसाचीही, कमरेला नुसता दोर असला आणि तो एकदम ताणला गेला, तर कंबर मोडते. म्हणून तर आम्ही सर्वांगाला बसणारा पट्टा आणि हिसका शोषून घेणारा दोर मागतो. माणसाला पडू न देणे आणि त्याला वाचविणे यांत तेवढ्या एका दोराचे अंतर असते.

सांगावयाचे असे की, ज्यांना आपण वेडे चाहते म्हणतो त्यांनी कथा किती जपून वाचली होती! एका चौकटीतला एक शब्द त्यांनी सोडला नाही. लेखकाला असा वाचक मिळणे हे भाग्य, आणि मिळाल्यावर त्याला उत्तर द्यावे लागणे हे त्या भाग्याचे मोल.

या बाबतीत त्या कंपनीची एक गंमत सांगतो. कथेतली चूक दाखवून तिचा पटेल असा उलगडा करणाऱ्या वाचकाला ती बक्षीस देई. घरी एक पाकीट येई. त्यावर तुमचे बक्षीस आत आहे असे छापलेले असे, आणि आत काहीही नसे. बक्षिसाचे नावच मुळी 'नो-प्राइझ', म्हणजे बक्षीस नाही. रिकाम्या पाकिटाचा बोनस वाटण्याची ही युक्ती आमच्या गावच्या मालकांच्या कानावर जाऊ नये एवढीच माझी प्रार्थना आहे. पण वाचक ते पाकीट जपून ठेवीत, हे मात्र खरे. आपले म्हणणे कोणीतरी वाचले, याची ती पावती होती.

पत्रव्यवहाराच्या सदरातून आणखी एक मोठी गोष्ट घडली. १९६० नंतर एका संपादकाने पत्रलेखकांचे पूर्ण पत्ते छापण्यास सुरुवात केली. झाले! वाचकांनी संपादकाला लिहिता लिहिता एकमेकांना लिहावयास आरंभ केला. फाटकाशी सुटी सुटी उभी राहणारी माणसे एकमेकांची नावे विचारू लागली म्हणजे काय होते, ते मला कोणी शिकवावयास नको. जेरी बेल्स या प्राध्यापकाने रॉय टॉमस या तरुण शिक्षकाच्या सहकार्याने १९६१ साली 'ऑल्टर इगो' नावाचे चाहत्यांचे मासिक काढले. पुढे हाच रॉय टॉमस त्या कंपनीत नोकरीस लागला, १९७२ साली मुख्य संपादक झाला, आणि ग्वेन स्टेसी मेली तेव्हा संपादकाच्या खुर्चीवर तोच होता. कालपर्यंत जो पत्रे लिहीत होता त्याच्याच टेबलावर आता पत्रांचा ढीग येऊन पडला.

आता १९८८ साल. बॅटमॅनचा साहाय्यक रॉबिन. त्या वेळी रॉबिनच्या जागी जेसन टॉड नावाचा नवा मुलगा होता, आणि तो पुष्कळ वाचकांना आवडत नव्हता. प्रकाशकांनी युक्ती काढली. ४२७ व्या अंकाच्या शेवटी मुलगा स्फोटात सापडतो. अंकात दोन टेलिफोन क्रमांक दिले. एकावर फोन केला तर त्याला जगविण्याचे मत, दुसऱ्यावर केला तर मारण्याचे. दर फोनला ५० सेंट. मुदत ३६ तास. पुढच्या अंकाची दोन्ही रूपे तयार ठेवलेली. निकाल लागला तो असा: मारावे ५,३४३, जगवावे ५,२७१. बहात्तर मतांनी एक मुलगा मेला.

वरवर पाहता ही लोकशाही झाली. वाचकांना विचारले, मोजले, बहुमताप्रमाणे केले. मग पुष्कळ लोकांना, वर्तमानपत्रांनाही, यात काहीतरी ओंगळ का वाटले? मी माझ्या अनुभवाने सांगतो. संपाचे मतदान घेण्यापूर्वी आम्ही सभा घेतो. ज्याला संप नको त्यालाही बोलू देतो. ऐकून घेऊन पुष्कळांची मते पालटतात. मत हे बोलण्याचा शेवट असते. येथे बोलणे नव्हतेच. आणि एका माणसाने कितीही वेळा फोन करावा, त्याला बंदी नव्हती. ज्याच्या खिशात नाणी जास्त त्याची मते जास्त, हा नियम कंपनीच्या भागधारकांच्या सभेत असतो, कामगारांच्या सभेत नसतो. शिवाय प्रश्न कोणी ठरविला? 'हा मुलगा इतका आडदांड का रंगविला', 'त्याला सुधारता येईल काय' असे विचारण्यासाठी तिसरा क्रमांक ठेवला नव्हता. वाचकांना कथेत वाटा हवा होता. त्यांच्या हाती दोर देऊन विचारले की, फास ओढू की सोडू? पुढे २००५ साली हाच मुलगा कथेत जिवंत परत आणला गेला, आणि २०२३ साली तो जगला असता तर निघाला असता तो अंकही प्रकाशकांनी छापून विकला. म्हणजे त्या ५,२७१ लोकांची दाद पस्तीस वर्षांनी लागली, तीही पुन्हा पैसे मोजून!

प्रकाशक मात्र यातून एक धडा शिकले: मरण खपते. नोव्हेंबर १९९२ मध्ये त्यांनी खुद्द सुपरमॅनला मारले. तो अंक काळ्या पिशवीत बंद करून विकला, आत दंडाला बांधण्याची काळी फीत घातली. साठ लाखांवर प्रती गेल्या. लोकांनी रांगा लावल्या, कित्येकांनी पुढे किंमत येईल म्हणून पिशवी न फोडताच प्रती ठेवून दिल्या. १९९३ मध्ये सुपरमॅन परत आला. १९७३ च्या वाचकांचा राग खरा होता, कारण मरण खरे होते. येथे शोकही दुकानात तयार मिळू लागला. आणि ज्याला दर वेळी फसवून रडविले जाते तो माणूस हळूहळू रडण्याचे सोडतो. सुपरहिरोंच्या वाचकांत 'मेला? येईल परत!' हा जो थट्टेचा सूर आहे तो त्यांच्या उथळपणाचा नव्हे. फसविलेल्या माणसाचा तो शहाणपणा आहे.

मग खरी प्रतिक्रिया गेली कोठे? ती गेली चाहत्यांच्या कथांत. एप्रिल २०१९ मध्ये 'अॅव्हेंजर्स: एंडगेम' या चित्रपटात टोनी स्टार्क, म्हणजे आयर्नमॅन, जगाला वाचवून मेला. त्यानंतर त्याला जगविणाऱ्या कथांचा महापूर आला. चाहत्यांच्या भाषेत अशा कथेला 'फिक्स-इट' म्हणतात. बिघडलेले यंत्र दुरुस्त करावे तशी बिघडलेली कथा दुरुस्त करावयाची. मोर्चा नाही, मागणीपत्र नाही. तुम्ही मारलेत ना, आम्ही जगवितो!

माझ्या एका सहकाऱ्याची मुलगी या कथा वाचते. ती महाविद्यालयात आहे, आणि आमच्या कचेरीत पत्रके टंकून देण्यास येते. तिच्याकडून मी या जगाची माहिती काढली. ती वाचीत होती त्या कथेत एका हप्त्याच्या शेवटी लेखिकेने नायकाच्या तरुण शिष्याला मृत्यूच्या दारात नेऊन सोडले होते. खाली वाचकांची उत्तरे आली होती, ती तिने मला वाचून दाखविली. कोणी नुसते रडले होते. कोणी पुराव्याच्या शोधात होते: तिसऱ्या प्रकरणातल्या अमुक वाक्यावरून तो वाचणार हे नक्की. कोणी लेखिकेवर लटके, कोणी खरेखुरे रागावले होते. कोणी आपल्या वडिलांच्या आजारपणाची आठवण लिहिली होती. त्या उत्तराखाली मग इतर वाचकांनीच तिचे समाधान केले होते. आणि पुष्कळांचा प्रश्न एकच: पुढचा भाग केव्हा?

मी तिला विचारले, "ही बाई नोकरी करते का ग?"

ती म्हणाली, "करते ना, काका. तिने वरती लिहिलेच आहे, दोन आठवडे रात्रपाळी आहे, भाग उशिरा येईल."

"आणि हिला मिळते काय?"

"ही उत्तरेच मिळतात."

मंडळी, 'पुढचा भाग केव्हा' हा प्रश्न प्रेमाचाच असतो. पण तोच प्रश्न रोज पन्नास जणांनी विचारला म्हणजे त्याचा आवाज मुकादमाचा होतो. रात्रपाळी करून आलेल्या बाईला तो कसा ऐकू येत असेल, हे वाचकांनी मनात आणावे. चार ओळींत, कोणते वाक्य लागले, का लागले, हे लिहिणारा वाचक तिला तिची मजुरी देतो. नुसता तगादा लावणारा वाचक फुकटच्या कामावर आणखी देखरेख ठेवतो.

या चाहत्यांनी स्वतःची एक संस्थाही उभारली आहे, आणि तिचा इतिहास आमच्या चळवळीतल्या कोणालाही ओळखीचा वाटेल. २००७ साली एका कंपनीने चाहत्यांच्या कथा गोळा करून त्यांवर नफा मिळविण्याचा घाट घातला. लिहिणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. त्या म्हणाल्या, आमचे लिखाण, आमची यंत्रे, आमचीच मालकी असली पाहिजे. त्यांनी ना-नफा संस्था स्थापिली आणि २००९ साली 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे कथांचे भांडार खुले केले. स्त्रीला लिहिण्यासाठी स्वतःची खोली हवी, असे म्हणणाऱ्या व्हर्जिनिया वुल्फ यांच्या १९२९ च्या पुस्तकावरून हे नाव घेतले आहे. जाहिराती नाहीत, वर्गणी सक्तीची नाही. देणग्यांवर आणि स्वयंसेवकांच्या श्रमावर सारे चालते. २०१९ साली या भांडाराला विज्ञानकथेच्या क्षेत्रातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

या संस्थेतला एक नियम मला फार शिकवून गेला. कथेत मुख्य पात्राचा मृत्यू असेल तर लेखकाने वरती तशी सूचना द्यावी. आणि आधी सांगणे त्याला पसंत नसेल, तर 'मी सूचना देणार नाही' एवढे तरी लिहावे. काय वाटेल ते लिहा, पण वाचणाऱ्याला आत शिरण्यापूर्वी दार कसले आहे ते कळू द्या. पाहा, वाचकांच्या हाती सत्ता आली तेव्हा त्यांनी मरणावर बंदी घातली नाही. मतदानही घेतले नाही. त्यांनी नोटीस मागितली. पन्नास वर्षे जे गाऱ्हाणे पत्रांतून ओरडत होते, त्याच्या पोटातली मागणी माझ्या मते हीच होती: आम्ही या कथेत मन गुंतविले आहे, तर आम्हाला माणसासारखे वागवा. आम्हाला फसवू नका, आणि आमचे रडणे विकू नका.

कोणी म्हणेल, आधी सांगितले तर कथेची गोडी काय राहिली? त्यांनी आपल्या गावच्या कीर्तनाला यावे. अभिमन्यू चक्रव्यूहातून परत येणार नाही, हे मांडी घालून बसलेल्या पोरालाही ठाऊक असते. बुवा ते आख्यान दर वर्षी लावतात, शेवट कधी पालटत नाही, तरी सातवे चक्र आले म्हणजे मंडपात पदराची टोके डोळ्यांना लागतातच. शेवट कळल्याने दुःख कमी होत नाही. धक्का तेवढा कमी होतो. आणि मघाच्या दोराचे उदाहरण आठवा: मान मोडते ती धक्क्याने.

आता शेवटची एक गोष्ट सांगून थांबतो. तीच सांगण्यासाठी खरे म्हणजे मी हा विषय घेतला. सीगल आणि शुस्टर यांचे पुढे काय झाले? सुपरमॅनचे सर्व हक्क त्यांनी मार्च १९३८ मध्ये १३० डॉलरला विकले. दोघांत मिळून एकशेतीस! सुपरमॅनने प्रकाशकांना कोट्यवधी मिळवून दिले. १९४७ साली हे दोघे कोर्टात गेले. हक्क मिळाले नाहीत, कामही गेले, आणि त्यांची नावे कथेवरून पुसली गेली. १९७५ साली, सुपरमॅनवर मोठा चित्रपट निघणार अशी बातमी आली तेव्हा, सीगल कारकुनी करीत होता आणि चित्रकार शुस्टरची दृष्टी जवळजवळ गेली होती.

त्या वर्षी सीगलने आपले गाऱ्हाणे वर्तमानपत्रांकडे पाठविले. नील अॅडम्स, जेरी रॉबिन्सन अशा व्यवसायातल्या चित्रकारांनी ते उचलून धरले, लोकमत जागे केले. अखेर कंपनीने दोघांना प्रत्येकी सालीना २०,००० डॉलर निवृत्तिवेतन देण्याचे मान्य केले, आणि सुपरमॅनचे निर्माते म्हणून त्यांची नावे पुन्हा छापली जाऊ लागली. हक्कांसह इतर कामाच्या पैशाचा जो चेक १९३८ साली त्यांना दिला गेला होता, तो कागद २०१२ साली लिलावात १,६०,००० डॉलरला गेला. कागदाला मिळालेली ती किंमत त्या दोन मुलांना मिळालेली नव्हती.

सुपरमॅन मेला तेव्हा लाखो काळ्या फिती विकल्या गेल्या. पण त्याला जन्म देणारे दोघे उपेक्षेत पडले होते, त्या जवळजवळ तीस वर्षांत त्यांच्यासाठी कोणी फीत बांधली नाही. यात वाचकांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. नावच पुसलेले, तर त्यांना कळावे कसे? मात्र कळल्यावर लोक बोलले, आणि बोलल्याचा उपयोग झाला, हेही तितकेच खरे.

म्हणून आपणांपैकी वाचणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे. कथा वाचून रागवा, रडा, भांडा. ती वाचनाचीच खूण आहे. आपल्या मुलांनी एखाद्या पात्राच्या मरणापायी जेवण टाकले तर त्यांना हसू नका. त्यांना काय लागले ते विचारा. राग आला तर लेखकाला पत्र लिहा, त्यात कोणत्या वाक्याने दुखावले ते सांगा. आणि पत्र लिहिण्यापूर्वी पुस्तकाचे पहिले पान उलटून, ही कथा कोणी लिहिली, चित्रे कोणी काढली, ती नावे वाचा. ती तेथे नसतील, तर पहिले गाऱ्हाणे त्याचेच करा.